जज्जला कामावरून कोण काढू शकतं?

न्यूअर्कच्या ब्रॉड स्ट्रीटवर ९७० क्रमांकाची एक सरकारी इमारत आहे. न्यू जर्सीतल्या पुष्कळ मराठी कुटुंबांना ती माहीत असते, कारण ग्रीन कार्डची आणि नागरिकत्वाची मुलाखत तिथंच होते. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर इमिग्रेशन कोर्ट भरतं, हे मात्र त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. मी दुभाषी आहे. हिंदी आणि गुजराती बोलणाऱ्यांसाठी राज्याच्या कोर्टांत उभी राहते, आणि या कोर्टातही. मूळची नवापूरची. तिथलं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, त्यामुळे गुजराती मला वेगळी शिकावी लागली नाही. कोर्टसुद्धा घरातच होतं. आप्पा तिथल्या दिवाणी न्यायालयात शिरस्तेदार होते.

दुभाष्याला शपथ असते. कोणाची केस काय होती, कोण काय बोललं, यातलं काही मी सांगणार नाही. पण या देशात जज्ज म्हणवणाऱ्या माणसांच्या किती तऱ्हा आहेत, आणि त्यांतला कोणता जज्ज आपल्या मुलाबाळांच्या वाट्याला येऊ शकतो, याबद्दल मला मराठी वाचकांशी मनापासून बोलायचं आहे.

न्यूअर्कमध्ये पायी फिरता येईल एवढ्या अंतरात तीन प्रकारचे जज्ज बसतात. मार्केट स्ट्रीटच्या चढावर एसेक्स काउंटीचं कोर्ट आहे. जुन्या इमारतीसमोर बाकावर बसलेला ब्राँझचा लिंकन आहे, पोरं त्याच्या मांडीवर चढतात. तिथला जज्ज राज्याचा. गव्हर्नर त्याचं नाव सुचवतो, राज्याची सिनेट मंजुरी देते. आधी सात वर्षांसाठी, आणि फेरनेमणूक झाली की वयाच्या सत्तराव्या वर्षापर्यंत. डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलं, की असाच जज्ज लोकांच्या मतांवर निवडून येतो. न्यूअर्कच्याच वॉलनट स्ट्रीटवर केंद्राचं जिल्हा न्यायालय आहे. तिथल्या जज्जला राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट संमती देते आणि मग तो तहहयात. त्याचा पगारसुद्धा कमी करता येत नाही. काढायचं तर महाभियोग, आणि सव्वादोनशेहून अधिक वर्षांत सिनेटने दोषी ठरवून घरी पाठवलेले केंद्राचे जज्ज फक्त आठ आहेत. या जज्जच्या वर फिलाडेल्फियाचं अपील न्यायालय, थर्ड सर्किट. त्याच्या वर वॉशिंग्टनचे नऊ न्यायमूर्ती.

तिसरा जज्ज ब्रॉड स्ट्रीटवरचा. काळा झगा तोच, उंच आसन तेच, आत आल्यावर सगळ्यांनी उठून उभं राहणं तेच. भिंतीवरचं बोधचिन्ह मात्र न्याय खात्याचं असतं. हा जज्ज ॲटर्नी जनरलने नेमलेला सरकारी कर्मचारी आहे. ॲटर्नी जनरल म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या मंत्रिमंडळातला कायदा मंत्री, आणि तोच सरकारचा मुख्य वकील. सरकारी वकील ज्या गृहसुरक्षा खात्याकडून येतात ते खातं वेगळं आहे, हे खरं. पण दोन्ही खात्यांचे धनी एकच.

सकाळची ‘मास्टर’ तारीख, म्हणजे प्राथमिक सुनावणी, कशी असते ते सांगते. बाकांवर वीस-पंचवीस माणसं दाटीनं बसलेली. बहुतेकांच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी. तिच्यात पासपोर्ट, नोटीस, मुलांचे शाळेचे दाखले. इथं लघुलेखक नसतो, रेकॉर्डिंगचं यंत्र जज्ज स्वतःच सुरू करतात, आणि आधी ‘ए नंबर’, म्हणजे फाईलचा क्रमांक, वाचतात, नऊ आकडी, मग नाव. पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी तोच: वकील आहे का? वकील ठेवायचा हक्क आहे, पण सरकारच्या खर्चानं नाही. दुकानात चोरी करून तुरुंगाच्या वाटेवर असलेल्या गरिबाला हा देश वकील देतो. देशाबाहेर घालवल्या जाणाऱ्याला देत नाही, तो दहा वर्षांचा पोरगा असला तरी. मग मोफत मदत करणाऱ्या संस्थांची यादी हातात पडते, पुढची तारीख पडते आणि पुढचा नंबर पुकारला जातो. देशभरात अशा तीस लाखांहून अधिक केसेस तुंबल्या आहेत. २०२४ मध्ये त्या ऐकणारे जज्ज होते सातशेच्या आसपास.

बाकावरच्या माणसाला या उतरंडीतलं काही ठाऊक नसतं. झगा पाहून तो हात जोडतो. समोरचा माणूस आपलं ऐकेल आणि कोणाच्याही दबावाशिवाय ठरवेल, असं तो धरून चालतो. मी पाहिलेले कित्येक इमिग्रेशन जज्ज खरोखरच तसे आहेत. सहनशील, अभ्यासू, थकलेल्या माणसाला पाणी द्यायला सांगणारे. (माझं बिलही शेवटी न्याय खातंच भागवतं, एका ठेकेदार कंपनीमार्फत, वाचकाला हे माहीत असावं.) त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यांच्या प्रामाणिकपणाला आधार कशाचा आहे, हा प्रश्न मला गप्प बसू देत नाही.

फिलाडेल्फियाचं उदाहरण घ्या. तिथं मार्केट स्ट्रीटवर ९०० क्रमांकाच्या इमारतीत इमिग्रेशन कोर्ट होतं, आणि त्याच रस्त्यावर तीन चौक खाली, ६०१ क्रमांकाच्या इमारतीत, थर्ड सर्किट. पहिल्या इमारतीत स्टीव्हन मॉर्ले नावाचे जज्ज बसत. त्यांच्यापुढे ग्वाटेमालाहून लहान वयात एकट्यानं आलेल्या एका मुलाची केस होती. मुलगा तारखेला आला नव्हता. पण सरकारनं पाठवलेल्या नोटिसा त्याला खरोखर मिळाल्या होत्या का, याची मॉर्ले यांना खात्री पटेना. त्यांनी केस बाजूला ठेवली. कोणत्याही कोर्टात जज्ज असं करतो. आप्पांच्या कोर्टात समन्स बजावणीचा अहवाल नीट नसला, तर साहेब बेलीफाला पुन्हा पाठवत.

जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी ही केस स्वतःकडे ओढून घेतली. तसा अधिकार त्यांना नियमानं आहे. इमिग्रेशन जज्जच्या निकालावर अपील व्हर्जिनियातल्या फॉल्स चर्च इथल्या बोर्डाकडे जातं. त्या बोर्डाचे सदस्यही ॲटर्नी जनरलच नेमतात. आणि त्या बोर्डापुढची कुठलीही केस मागवून घेऊन ॲटर्नी जनरल स्वतः निकाल देऊ शकतात. तो निकाल देशभरातल्या सगळ्या इमिग्रेशन जज्जांना बांधतो. मे महिन्यात सेशन्स यांनी निकाल दिला: केस अशी बाजूला ठेवण्याचा अधिकार जज्जांना नाही. मॉर्ले यांनी हुकूम मानला, पुन्हा तारीख लावली, आणि पत्त्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही म्हणून एका वकिलाला त्यावर लेखी म्हणणं मांडायला वेळ दिला. झालं. केस त्यांच्याकडून काढून घेतली गेली. त्या प्रकारच्या त्यांच्याकडच्या इतर डझनावारी केसेसही काढल्या गेल्या. जुलैमध्ये वरून एक वरिष्ठ जज्ज पाठवण्यात आले, आणि त्यांनी त्या मुलाच्या गैरहजेरीत त्याला देशाबाहेर काढण्याचा हुकूम दिला.

एका पक्षकाराच्या मुख्य वकिलानं मधल्या सुनावणीत जज्ज बदलून घेतला, असं कोणी मला नवापूरच्या कोर्टाबद्दल सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता. इथं ते उघड, कागदोपत्री आणि नियमात बसवून झालं. इमिग्रेशन जज्जांच्या संघटनेनं तक्रार केली, निवृत्त जज्जांनी निषेधाचं पत्र काढलं.

आता तीन चौक खाली चला. मे २०२१ मध्ये थर्ड सर्किटच्या न्यायाधीशांनी दुसऱ्याच एका माणसाच्या केसमध्ये सांगितलं, की सेशन्स यांनी लावलेला नियमांचा अर्थ चुकीचा होता. केस बाजूला ठेवण्याचा अधिकार जज्जांना होताच. म्हणजे मॉर्ले बरोबर होते. त्याच जुलैमध्ये नवे ॲटर्नी जनरल मेरिक गारलंड यांनी सेशन्स यांचा निकाल रद्दही केला. एकाच रस्त्यावरच्या दोन इमारती, दोन्हीकडे काळे झगे, कायदाही तोच. एका इमारतीतल्या जज्जनं शंका घेतली तर त्याच्या हातून फाईल गेली. दुसऱ्या इमारतीतल्या जज्जांनी तीच शंका निकालपत्रात लिहिली, आणि त्यांच्या केसालाही कोणी धक्का लावू शकलं नाही. दोघांत विद्वत्तेचा फरक होता असं मला वाटत नाही. फरक एवढाच, की एकाची नेमणूक ॲटर्नी जनरलच्या हातात होती आणि दुसऱ्यांची नव्हती.

कोणी म्हणेल, मग चिंता कशाला, वर खरी कोर्टं आहेतच की. ती आहेत, पण त्यांचं दार दिवसेंदिवस अरुंद होत चाललं आहे. जॉर्जियातल्या पंकजकुमार पटेल यांची केस गुजराती घरांत माहीत आहे, मराठी घरांतही माहीत असायला हवी. १९९०च्या दशकात पटेल विनापरवाना या देशात आले, संसार केला, मुलं वाढवली, पुढे रीतसर ग्रीन कार्डासाठी अर्ज केला. मधल्या काळात ड्रायव्हिंग लायसन्सच्या फॉर्मवर त्यांनी ‘मी नागरिक आहे’ या चौकटीत खूण केली. चुकून झाली, असं त्यांचं म्हणणं. मुद्दाम केली, असं इमिग्रेशन जज्जनं ठरवलं. नागरिक नसतानाही त्यांना ते लायसन्स मिळणारच होतं, मग खोटं बोलायचं कारण काय, हा साधा प्रश्न त्यांच्या वकिलांनी वरपर्यंत नेला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की अशा प्रकरणांत इमिग्रेशन जज्जनं तथ्यांची चूक केली असली, तरी ती तपासायचा अधिकार केंद्राच्या कोर्टांना काँग्रेसनं ठेवलेलाच नाही. नील गोर्सच हे उजव्या विचारांचे म्हणून ओळखले जाणारे न्यायमूर्ती. त्यांनीच विरोधी निकालपत्र लिहिलं. म्हणजे आज पुष्कळ माणसांच्या बाबतीत खरं काय आणि खोटं काय, हे शेवटचं ठरवणारा माणूस तोच आहे, ज्याची नोकरी मंत्र्याच्या हातात आहे.

याच्या उलट बाजूचं उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचं आहे, आणि ते मी प्रत्येक मराठी मंडळात सांगत असते. सखाराम गणेश पंडित. नाव ऐकूनच आपल्याकडचा माणूस कान टवकारतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते अमेरिकेत आले, १९१४ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीच्या सुपीरियर कोर्टानं त्यांना नागरिकत्व दिलं. त्या काळी राज्याची कोर्टंही नागरिकत्व देत. कायद्यानं ते फक्त ‘गोऱ्या’ आणि आफ्रिकन वंशाच्या माणसांना मिळू शकत होतं. भारतीय माणूस कुठं बसतो यावर वाद होता. सरकारनं विरोध केला, जज्जनं दोन्ही बाजू ऐकल्या आणि पंडितांच्या बाजूनं निकाल दिला. पंडित पुढे कॅलिफोर्नियात वकील झाले, अमेरिकन बाईशी लग्न केलं, घर घेतलं.

मग १९२३ आलं. भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थानं गोरा नाही, त्याला नागरिक होता येणार नाही. थिंड यांच्या बाजूनं उभे राहिलेल्या वकिलांत पंडितही होते. निकाल लागताच सरकारनं आधी नागरिक झालेल्या भारतीयांचं नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात केली. वैष्णोदास बगाई हे सॅन फ्रान्सिस्कोचे दुकानदार. नागरिकत्व गेलं, दुकान गेलं, हिंदुस्थानात जायला पासपोर्टही मिळेना, आणि १९२८ मध्ये त्यांनी जीव दिला. पंडितांवरही खटला भरला गेला. त्यांचं नागरिकत्व गेलं असतं तर वकिली गेली असती, आणि तेव्हाच्या कायद्याप्रमाणे पत्नीचं नागरिकत्वही धोक्यात आलं असतं.

पंडित लढले. लॉस एंजेलिसच्या केंद्रीय न्यायालयात जिंकले. १९२६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अपील न्यायालयात पुन्हा जिंकले. अपील न्यायालयाचं म्हणणं असं, की १९१४ मध्ये या प्रश्नाचा निकाल लागलेला आहे. तेव्हा सरकार हजर होतं, त्याला बाजू मांडायची पूर्ण संधी होती. सर्वोच्च न्यायालयानं पुढे कायद्याचा अर्थ वेगळा लावला म्हणून त्या दोन पक्षकारांमधला मिटलेला वाद पुन्हा उकरता येणार नाही. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारचं अपील ऐकायलाच नकार दिला. सरकारनं मग उरलेले असे खटले सोडून दिले.

यातली उतरंड नीट पाहा. काउंटीचा जज्ज म्हणजे शिडीची जवळजवळ खालचीच पायरी. तो काही तहहयातही नव्हता. कॅलिफोर्नियात हे जज्ज निवडून येतात. पण वॉशिंग्टनचा ॲटर्नी जनरल त्याला काढू शकत नव्हता, त्याच्याकडून फाईल घेऊ शकत नव्हता, निकाल आवडला नाही म्हणून स्वतःचा निकाल त्यावर डकवू शकत नव्हता. म्हणून त्या खालच्या जज्जचा शब्द सर्वोच्च न्यायालयाच्या नव्या निकालापुढंही टिकून राहिला. आज पंडित ब्रॉड स्ट्रीटवर उभे असते, तर त्यांची केस ॲटर्नी जनरल एका आदेशानं मागवून घेऊ शकले असते.

तहहयात नेमलेले न्यायमूर्ती चुकत नाहीत, असं माझं म्हणणं नाही. थिंड यांचा निकाल देणारे सगळेच तहहयात होते, आणि तो निकाल एकमताचा होता. स्वतंत्र जज्जसुद्धा अन्याय करतो. पण त्यानं केलेला अन्याय त्याचा स्वतःचा असतो. तो निकालपत्रात दिसतो, त्यावर टीका होते, दुसरा जज्ज वेगळी वाट काढतो, जशी पंडितांच्या केसमध्ये काढली. वरून आलेल्या हुकमानं झालेल्या अन्यायाला अशी वाट उरत नाही, कारण तो एकाच वेळी शेकडो खोल्यांत होतो.

आपल्याकडे ही गोष्ट नव्यानं समजावून सांगायला लागू नये. माझ्या खानदेशातच हे घडून गेलं आहे. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचा धुरळा उडालेला असताना, नाशिकला सबजज्ज असलेल्या महादेव गोविंद रानड्यांची सरकारनं तडकाफडकी धुळ्याला बदली केली. त्यांच्या टपालावरही पाळत होती. त्यांच्या पत्नी रमाबाईंनी आपल्या आठवणींत ते दिवस लिहून ठेवले आहेत. एवढ्या मोठ्या माणसाला उच्च न्यायालयात पोचायला १८९३ उजाडलं. तेव्हा जज्ज सरकारचा नोकर होता, आणि नोकरावर संशय आला की बदली.

स्वातंत्र्यानंतर आपण हे बदललं. १९५१ मध्ये मुंबई राज्यानं न्यायाचं काम आणि कारभाराचं काम वेगळं करण्याचा कायदा केला. त्याआधी फौजदारी खटले ज्यांच्यापुढे चालत, त्यांतले कित्येक दंडाधिकारी महसूल खात्याचे अंमलदार असत, मामलेदार, प्रांत. राज्यघटनेच्या कलम २३५ नं खालच्या न्यायाधीशांच्या बदल्या, बढत्या, रजा यांचा ताबा उच्च न्यायालयाकडे दिला. तालुक्याच्या कोर्टातला सर्वांत तरुण, कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशसुद्धा मंत्र्याचा माणूस राहिला नाही. नवापूरला एखाद्या पुढाऱ्यानं चहाच्या टपरीवर ‘या जज्जची बदलीच करतो’ अशी बढाई मारली, की आप्पा घरी येऊन सांगायचे, “बोलू दे त्याला. साहेबांची बदली हायकोर्टातून होते, मंत्रालयातून नाही.” ते हे अभिमानानं सांगायचे. ते स्वतः कारकुनाच्या खुर्चीत होते, पण त्या व्यवस्थेचा एक भाग असल्याचा त्यांना अभिमान होता. आपल्या न्यायव्यवस्थेचे रोग मला माहीत आहेत. तारखांचं काय होतं, निवृत्तीनंतर कोणाला काय मिळतं, हे मी इथं बसूनही वाचते. पण तालुक्याच्या जज्जचा धनी मंत्री नाही, एवढी एक गोष्ट आपण नक्की मिळवली आहे. अमेरिकेनं तीस लाख केसेसच्या बाबतीत ती अजून मिळवलेली नाही.

१९८३ पर्यंत तर इमिग्रेशन जज्ज ज्या खात्याच्या छत्राखाली बसत, तेच खातं माणसाला देशाबाहेर काढायची मागणी करायचं. त्या वर्षी न्याय खात्यात वेगळं कार्यालय झालं आणि सुधारणा तिथंच थांबली. २०१८ च्या ऑक्टोबरपासून प्रत्येक जज्जनं वर्षाला सातशे केसेस निकालात काढाव्यात असं उद्दिष्ट लावलं गेलं, आणि ते कामगिरीच्या मूल्यमापनाला जोडलं गेलं. २०२१ मध्ये ते मागे घेतलं. २०२५ मध्ये डझनावारी इमिग्रेशन जज्जांना कामावरून कमी केलं, कित्येकांना नुसत्या ईमेलनं. त्याच वर्षी सप्टेंबरात संरक्षण खात्यानं सहाशेपर्यंत लष्करी वकील तात्पुरते इमिग्रेशन जज्ज म्हणून द्यायला मंजुरी दिली. एका बाजूनं अनुभवी जज्ज जाताहेत, दुसऱ्या बाजूनं ज्यांनी हा कायदा कधी हाताळला नाही असे लोक आसनावर येताहेत. हे एकाच पक्षाचं पाप आहे असंही नाही. आधीच्या सरकारनंही काही जज्जांना प्रोबेशन संपताना घरी पाठवलं होतं. गारलंड यांचा २०२१ चा निकाल मला पटला, पण तोही त्याच खुर्चीतून आला होता. जी खुर्ची आज आपल्या मनासारखा निकाल देते, ती उद्या दुसऱ्याच्या मनासारखा देणार.

लोकांनी निवडून दिलेल्या सरकारला स्थलांतराचं धोरण ठरवायचा अधिकार आहे, हा युक्तिवाद मला मान्य आहे. किती व्हिसा द्यायचे, कोणाला द्यायचे, सीमेवर किती माणसं ठेवायची, हे सरकारनं आणि काँग्रेसनं ठरवावं. पण अमुक माणसाला नोटीस मिळाली होती की नाही, त्यानं फॉर्मवर खूण चुकून केली की मुद्दाम, परत पाठवलं तर त्याच्या जिवाला धोका आहे की नाही, हे धोरणाचे प्रश्न नाहीत. ते पुराव्याचे प्रश्न आहेत आणि ते जज्जनंच ठरवायचे असतात.

उपाय नवीन शोधायचा नाही, तो याच देशात चालू आहे. प्राप्तिकराच्या वादासाठी इथं टॅक्स कोर्ट आहे. १९६९ पासून ते स्वतंत्र कोर्ट आहे. तिथल्या जज्जची मुदत पंधरा वर्षं. दिवाळखोरीच्या जज्जला अपील न्यायालय नेमतं, चौदा वर्षांसाठी. आयकर खात्याशी काही हजार डॉलरचा वाद असला तर मला मंत्र्याच्या हाताबाहेरचा जज्ज मिळतो. माझं घर, माझी मुलं, माझं सगळं आयुष्य ज्या देशात आहे तिथून मला काढायचं असलं, तर मिळत नाही. अमेरिकन बार असोसिएशन अनेक वर्षं सांगते आहे, की इमिग्रेशन कोर्टं न्याय खात्यातून बाहेर काढून स्वतंत्र करा. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या काँग्रेस सदस्य झो लॉफग्रेन यांनी तसं विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही.

आपली मंडळी या बाबतीत गप्प आहेत, आणि त्याचं कारण मला माहीत आहे. इमिग्रेशन कोर्ट म्हणजे मेक्सिकोची सीमा चोरून ओलांडणाऱ्यांसाठी, आपण एच-वन-बीवाले, आपला काय संबंध, असं गणेशोत्सवाच्या पंगतीत मला सांगितलं जातं. हे बरोबर नाही, आणि माणूस म्हणूनही शोभणारं नाही. फेब्रुवारी २०२५ च्या धोरणाप्रमाणे, अर्ज नाकारला गेला आणि तोवर माणसाची मुदत संपलेली असली, तर त्याला थेट या कोर्टाची नोटीस निघते. नोकरी गेलेला आणि साठ दिवसांत दुसरी न मिळालेला इंजिनिअर, एकवीस वर्षं पूर्ण झाल्यामुळे आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडलेली मुलगी, व्हिसा वाढवण्याचा अर्ज अडकलेले आजीआजोबा. यांतलं कोणीही त्या बाकावर येऊन बसू शकतं.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांत आपण नाटकं आणतो, गायक आणतो, ते आणलेच पाहिजेत. त्यांतला एक तास या प्रश्नाला द्या. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२३ मध्ये मिशिगनमधून काँग्रेसमध्ये गेले; त्यांना आणि आपापल्या मतदारसंघातल्या प्रत्येक सदस्याला लेखी विचारा, की स्वतंत्र इमिग्रेशन कोर्टाच्या विधेयकाला तुमचा पाठिंबा आहे का. इथं मतदान करणारा मराठी माणूस आता थोडाथोडका नाही.

दुसरी मागणी महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्या आईवडिलांकडे आहे. मुलाला किंवा मुलीला फोनवर एवढं सांगा: अशी नोटीस आली तर लाजेनं लपवू नका, लगेच वकील गाठा. नोटिशीवरचा ए नंबर जपून ठेवा आणि पुढची तारीख कोर्टाच्या फोनवर किंवा संकेतस्थळावर स्वतः पाहत राहा. घर बदललं तर पाच कामकाजाच्या दिवसांत कोर्टाला नवा पत्ता ठरलेल्या फॉर्मवर कळवा. पोस्टात कळवलं म्हणजे कोर्टात कळवलं असं होत नाही. आणि काही झालं तरी तारीख चुकवू नका. माणूस हजर नसला, तर नोटीस पाठवल्याच्या कागदावर त्याच दिवशी त्याला देशाबाहेर काढण्याचा हुकूम होऊ शकतो.